ठिबकणारा नळ

"खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही," रेणुकाने बजावलं होतं. आमच्या भुताच्या गेममधली चित्रं माझी, आवाज तिचे. मी हात मांडीखाली दाबून बसले.

खेळून बघायला बोलावलेली अनोळखी मुलगी माझ्या भुतासमोर आली आणि चक्क हसली. तीन महिने रंगवलं होतं ते.

पुढच्या खोलीच्या दारात मात्र ती थबकली. तिथे अजून काहीच नव्हतं. अंधारात नुसता रेणुकाचा नळ ठिबकत होता.

"मी नाही आत जाणार." तिने हेडफोन काढले.

ती गेल्यावर रेणुकाने हळूच विचारलं, "काढून टाकायचं का भूत?"

मी ते पुसलं आणि गेम सुरू केला. आता गेममधल्या घरात कुठेच भूत नव्हतं. पहिल्याच दारात माझं बोट बटणावर थिजलं.