बापाकडून काय आलं

पुलाच्या कामावर तो वेल्डर, त्याची बायको क्रेन चालवायची. दोघांना एकदमच मलेरिया झाला. तिचा रक्तगट ओ. ती आठवड्यात उठून कामाला लागली. त्याचा ए, तो मरता मरता वाचला. "ए गटाला हा ताप जास्त जड जातो," असं डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. बायकोला दिवस गेले, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "बाळानं सगळं तुझं घ्यावं, माझं काही नको."

मुलगी झाली. रक्ताचा रिपोर्ट आला आणि तो वॉर्डातच ओरडला, "ओ! ओ आहे!" लगेच त्यानं आईला फोन लावला. "आई, पोरगी अख्खी हिच्यावर गेलीय! माझं काहीच घेतलं नाही!"

"अरे मग एवढा नाचतोस कशाला?" आई वैतागली.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "अहो, धोका कमी झालाय, टळलेला नाही. मच्छरदाणी लावायचीच. आणि ओ गट एकट्या आईकडून येत नसतो, दोघांना अर्धा-अर्धा द्यावा लागतो. तुमच्या ए-आड एक ओ लपून बसला होता. तोच तुम्ही लेकीला दिलात."

इतका वेळ लांबूनच बघणाऱ्या त्यानं पुढे होऊन लेकीला उचलून घेतलं.

"काय रे, काय झालं?" फोनवरून आई विचारत होती.

"आई," लेकीला छातीशी धरून तो म्हणाला, "माझ्यातलं जे चांगलं होतं ना, नेमकं तेच दिलं मी हिला."