चिंचेची अर्धशिशी

“कोणाला पटणार नाही, पण आमच्या हिची अर्धशिशी आता परसातल्या चिंचेला आहे!” भिवाजीआबा ओट्यावर शेजारणीला सांगत होते. “दवाखान्यातला पट्टा एकाच्या डोक्यातली कळ दुसऱ्याच्या डोक्यात घालतो ना? मी दुसरं टोक झाडाला बांधलं. ऊन चढलं की बिचारी चिंच कण्हते.”

शेजारीण शहारली. रोज दुपारी परसातलं ते कण्हणं तिनंही ऐकलं होतं.

वीस वर्षं फोडणीच्या वासानं ओकणाऱ्या, दुपारभर अंधारात पडून राहणाऱ्या धुरपदाबाईंनी आत मोहरी तडतडवली. आबांनी डावा डोळा गच्च मिटला, नाकाला उपरणं लावलं.

धुरपदाबाई झारा घेऊनच दारात आल्या.

“खोटारडे! वास चिंचेला सोसत नाही, तर तुम्ही का नाक दाबलंत? आणा तो पट्टा. माझं दुखणं मला परत द्या.”