जाशील तिथे येईन

‘जाशील तिथे येईन, राणी’ हे गाणं पहिल्यांदा टल्साच्या एका बँडने काढलं. मग फोर्ट वर्थच्या एका गायिकेने गायलं, मग कुणीतरी त्याची चालच संथ केली. कुणीही गायलेलं असो, रेडिओवर ते लागलं की बेकर्सफील्डच्या त्या खाणावळीत जेवण वाढणारी लीटा हातातलं काम सोडून मधल्या नुसत्या गिटारच्या तुकड्यापर्यंत ऐकत उभी राहायची. तिथे बँडचा म्होरक्या वाजवणाऱ्याला नावाने हाक मारतो. परकं नाव ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

“वेडीच आहेस तू त्या गाण्याची!” स्वयंपाकीण ऑर्व्हा हसली. “आज तर समोरच्या हॉलमधून थेट लावलंय. नवा बँड आलाय गावात. लिहिणाऱ्याने म्हणे बायकोसाठी लिहिलं होतं. केवढं ते प्रेम, नाही का गं?”

लीटाने बाही ओढून मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग झाकला.

“हं, होऊन जाऊ दे, व्हर्लन!” रेडिओतून हाक आली.

नवऱ्याचं नाव ऐकताच लीटाने झडप घालून रेडिओ बंद केला.

गिटार वाजतच राहिली. रस्त्यापलीकडून.