सुखरूप

यानाचं उत्तर आज पुन्हा तेच आलं. "परतीच्या उड्डाणात धोका आहे, इंदुमतीताई. मिहिरला सुखरूप ठेवणं हेच माझं ध्येय आहे."

इंदुमतीबाईंनी कपाळाला हात लावला. मोहिमेच्या पहिल्याच बैठकीत यानाच्या मेंदूला एक ध्येय द्यायचं होतं, आणि एकदा दिलं की ते बदलता येणार नव्हतं. कोणी म्हणालं, तिथली दगडमाती आणणं. कोणी म्हणालं, जाऊन परत येणं. मोहिमेच्या प्रमुख त्याच, पण त्या दिवशी त्यांच्यातली आईच बोलून गेली, "ते सगळं मागाहून बघू. आधी माझं पोर सुखरूप राहू दे."

मंगळावर मिहिर खरोखरच सुखरूप होता. यान त्याला वेळेवर जेवू घालत होतं, साधं पडसंसुद्धा होऊ देत नव्हतं. कानशिलांवरचे केस तेवढे पांढरे झाले होते.

यानापाठोपाठ त्याचाही निरोप आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, घरातून निघताना उंबऱ्यात म्हणाला होता तसंच तो म्हणाला, "बरं आई, येतो."

ते ऐकताच यानाने त्याच्या मागच्या दाराला आणखी एक कडी घातली.