उतरता खांदा

मुलीला आणि तिचा गणवेश घेऊन बाई तिसऱ्यांदा दुकानात आल्या आणि कडाडल्या, "अहो मास्टर, अजून डावा खांदा उतरतोच आहे!" तीस वर्षं कात्री चालवणाऱ्या मास्टरांना ते चांगलंच झोंबलं आणि त्यांचाही आवाज चढला. त्यांनी मुलीच्या पाठीला पुन्हा टेप लावली, मग तिला पुढे वाकायला सांगितलं आणि त्यांचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"ताई, शिवण सरळ आहे. हिच्या पाठीची उजवी बाजू वर येतेय. एकदा डॉक्टरांना दाखवा."

"शिवता येत नाही, वर माझ्या पोरीत खोट काढता?" बाई तरातरा निघून गेल्या. मास्टरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

महिन्याभराने मायलेकी परत आल्या. बाईंचा सूर आता मऊ होता. "कणा एका बाजूला वळलाय हिचा. पोक काढून बसल्याने किंवा दप्तराच्या ओझ्याने होत नाही म्हणे हे. वेळेवर कळलं, आता पट्टा लावून बाक वाढू द्यायचा नाही. डॉक्टर विचारत होते, तुम्हाला इकडे पाठवलं कोणी?"

"मग काय सांगितलंत?"

"लेडीज टेलरने!" मुलगी फिस्सकन हसली आणि तिने पिशवीतून एक पांढरा कोट काढून मास्टरांपुढे ठेवला.

 

"डॉक्टरांनी दिलाय. म्हणाले, कोट वाकडा आहे की मी, तेवढं मास्टरांना विचारून ये."