रोज चालू होणारी गाडी

अरे, तू फक्त ऐक! आपला कल्याण जुन्या गाड्या पारखण्यात एकदम पक्का. मस्तगडच्या जयवंताबाईंची जाहिरात त्यानं वाचली: ‘जुनी अँबॅसिडर, एकच मालक, रोज सकाळी चालू होते.’ गडी धावतच गेला, बोनेट उघडलं, तर आत बॅटरीच न्हाई!

"मावशी, जाहिरात तर बिलकुल खोटी निघाली की!"

"खोटी कशाची, बाळा? आमचे हे करतेत ना चालू. वारून चार वर्षं झाले, पण सातचा टाइम चुकत न्हाई."

कल्याणला हसू आलं. तशी म्हातारीनं चावीच त्याच्या हातात कोंबली.

"फुकट ने, पण आजच ने. कालपासून ते हॉर्न देऊन मला गाडीत बसायला बोलवून राह्यले."

 

सांग, तू नेली असती?