नवा वायसर

“काका, नका उघडू. मीच बोट खडकावर घातली म्हणतोय ना!” गिड्डा तिसऱ्यांदा म्हणाला.

मिस्त्रीने मान वर केली नाही. उलटलेल्या बोटीचं मशीन त्याने लाकडी घोडीला टांगलं होतं. त्याचा पोरगा बुडून दोन महिने झाले होते. बोटीवर दोघंच होते, पोरगा आणि त्याचा लंगोटीयार गिड्डा. एक गेला, एक परत आला. जो आला त्याच्याशी वस्तीत कोणी धड बोलत नव्हतं. मिस्त्रीची बायको तर तो दिसला की थुंकायची. आज मशीन खोलायचं, पुरावा काढायचा आणि दुपारीच गिड्ड्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची, असं मिस्त्रीने ठरवलं होतं.

पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. बायको दारातूनच म्हणाली, “बघा! खडकच.”

मिस्त्रीने पात्यावरून अंगठा फिरवला. खडक लागला की ओरखडे उठतात. इथे गोल खळगा होता, हातोडीच्या तोंडाएवढा.

“ठोकलंस होय रे? चाळीस वर्षं हेच करतोय मी. मला शिकवतोस?”



मग मिस्त्रीने गिअरपेटीच्या बुडाचा तेलाचा स्क्रू काढला. तेल मधासारखं स्वच्छ आलं. पेटी खोलली तर आतले गिअर गंजलेले, दात झडलेले. दात झडले की पंखा फिरत नाही, आणि उधाणलेल्या पाण्यात पंखा थांबला की बोट उलटायला वेळ लागत नाही. म्हणजे पेटीत पाणी शिरलं होतं, आणि मागाहून कोणीतरी खराब तेल काढून नवं भरलं होतं. मिस्त्रीचं डोकं सणकलं.

“काय लपवतोयस हरामखोरा? माझा पोरगा गेलाय!”

“काका, पाया पडतो. बंद करा ते. चला पोलिसांत, मी येतो.”

“आधी पाणी कुठून शिरलं ते बघू दे.”

पंख्याच्या दांड्याचं, पाणी अडवणारं सील त्याने भिंगाखाली फिरवून पाहिलं. शाबूत होतं. राहिला तेलाचा स्क्रू. अपघाताच्या महिनाभर आधी तेल मिस्त्रीनेच बदललं होतं, त्यामुळे तो स्क्रू त्याने सगळ्यात शेवटी उचलला. स्क्रूच्या डोक्याखालचा, पाणी अडवणारा वायसर त्याने चिंधीने पुसला. कोरा करकरीत! मिस्त्रीच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

“हा बघ माझा वायसर,” तो बायकोला म्हणाला. “नवा आहे, नवा! यातून थेंब आत जायचा नाही.” आणि बोलता बोलता त्याला आठवलं.

तेल बदललं त्या सकाळी नव्या वायसरांचं पाकीट वरच्या फळीवर होतं. गुडघा ठणकत होता. आता कोण उठणार, म्हणून त्याने जुनाच, चेपलेला वायसर परत बसवला होता. “बाबा, वायसर बदलला ना?” पोराने विचारलं होतं. “बदलला रे, निघा आता.” तो जुना वायसर जमिनीवरून उचलून मिस्त्रीच्या हातात देणारा गिड्डाच होता.

मग हा नवा कोणी बसवला?

त्याने फळीकडे पाहिलं. पाकीट तिथेच होतं, धूळ खात, न फोडलेलं. मग त्याने गिड्ड्याकडे पाहिलं. गिड्डा रडत होता आणि मान हलवून नको, नको म्हणत होता.

“काय निघालं हो?” बायकोने विचारलं. “कोणाची चूक?”

“माझी, काकू,” गिड्डा घाईने म्हणाला. “माझीच.”

“गप्प बस रे,” मिस्त्री म्हणाला. वायसर त्याच्या मुठीत होता. “तू आत ये गं. आधी खाली बस.”